विटांचा भुगा होतोय: दोष थंडीचा की ओलीचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीत आजोबांच्या काळातलं, दगडी जोत्यावर विटांनी बांधलेलं घर आहे. तळमजल्याच्या भिंतींचे पोपडे सुटतात, आतल्या विटा हात लावला की गळतात, आणि हे सगळं दरवर्षी डिसेंबर-जानेवारीतच जास्त दिसतं. प्रश्न विचारणाऱ्यांचा धाकटा भाऊ टोरांटोला असतो. त्याच्याही घराच्या विटांची तोंडं अशीच उडाली, आणि तिथल्या ठेकेदाराने ‘भिंतीत पाणी गोठून विटा फुटल्या’ असं निदान केलं. मग नाशिकच्या थंडीनेही तेच होतंय का? आणि सिमेंटचा गिलावा करून वरून वॉटरप्रूफ रंग मारला तर कायमचं मिटेल का?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं सांगतो. नाशिकच्या थंडीने विटा फुटत नाहीत. तुमच्या विटांना लोणा लागलाय, म्हणजे भिंतीतले क्षार विटा आतून खातायत. सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग हा उपाय केलात तर दोन-तीन पावसाळे भिंत छान दिसेल आणि आतून आतापेक्षा जास्त वेगाने खराब होईल. तुमच्या भावाच्या ठेकेदाराचं निदान मात्र बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. लक्षण एकच आहे, कारण वेगळं आहे, आणि दोन्हीकडे मूळ आरोपी पाणी आहे.

टोरांटोचं आधी बघू, म्हणजे फरक कळेल. वीट ही सच्छिद्र वस्तू आहे, पाऊस किंवा वितळलेला बर्फ ती पिते. पाणी गोठताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. विटेतली छिद्रं अर्धीमुर्धी भरलेली असतील तर वाढलेल्या बर्फाला जागा मिळते, काही बिघडत नाही. पण छिद्रं गच्च भरलेली असतील तर बर्फ विटेलाच आतून रेटतो आणि पुढची चकती उडते. यात किती कडाक्याची थंडी पडली यापेक्षा पारा शून्याच्या वर-खाली किती वेळा झाला हे महत्त्वाचं. दिवसा वितळलं, रात्री गोठलं, पुन्हा वितळलं, अशा फेऱ्या एका हिवाळ्यात कित्येक होतात. म्हणून तिकडे सगळ्यात आधी जातात ती धुराडी, गच्चीच्या कठड्याच्या भिंती, खिडकीच्या उंबऱ्याखालचे थर आणि पायऱ्या. म्हणजे ज्या जागा दोन्ही बाजूंनी उघड्या आहेत किंवा जिथे पाणी साचतं.

आता आपल्याकडे या. नाशिकला थंडी चांगली पडते, निफाडला तर काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागेत पानावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. पण पान वेगळं आणि भिंत वेगळी. मोकळ्या आकाशाखालचं पातळ पान रात्री हवेपेक्षाही जास्त गार होतं. दीड फूट जाडीची भिंत दिवसभर ऊन खाऊन बसलेली असते, तिच्या आतलं पाणी गोठण्याइतकी थंडी पंचवटीत पडत नाही. तेव्हा तो मुद्दा सोडून द्या.

मग हे नेमकं डिसेंबर-जानेवारीतच का दिसतं? याचं उत्तर थंडीत नाही, कोरड्या हवेत आहे. पावसाळाभर भिंत ओली असते. तिच्यातले क्षार पाण्यात विरघळलेले असतात, त्यामुळे ते दिसत नाहीत आणि फारसा त्रासही देत नाहीत. दिवाळीनंतर हवा कोरडी होते. भिंतीतलं पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक तयार होतात, आणि ते वाढताना विटेच्या छिद्रांच्या भिंती फोडतात. बर्फ टोरांटोला जे करतो तेच इथे मीठ करतं. काही क्षार, विशेषतः सोडियम सल्फेट, गार पाण्यात कमी विरघळतात. म्हणून रात्रीच्या गारव्याने त्यांचे स्फटिक लवकर धरतात. तेवढा थंडीचा हात आहे, पण तो साथीदाराचा, मुख्य नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. भिंतीवर बाहेर दिसणारा पांढरा भुकटा दिसायला वाईट, पण तसा निरुपद्रवी असतो. ब्रशने झाडला की गेला. घातक असतो तो गिलाव्याच्या किंवा रंगाच्या मागे, विटेच्या कातडीखाली साचणारा क्षार. तो दिसत नाही, आणि एक दिवस अख्खा पोपडा विटेचं तोंड घेऊनच खाली येतो.

जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या मागच्या भिंतीचं उदाहरण देतो, म्हणजे काय बघायचं ते कळेल. पूर्वी कुणीतरी चुन्याच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, वरवर खरवडून त्यात सिमेंट भरलं होतं. आम्ही बघायला गेलो तेव्हा सिमेंटच्या दरजा जशाच्या तशा, अगदी धारदार कडांसह उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधल्या विटा बोटभर आत गेलेल्या. भिंतीवर नुसती चौकटींची जाळी उरली होती. विटेत खिळा टोचला तर तो सहज आत गेला, आणि बाहेर काढल्यावर त्याच्यामागून लाल भुकटी वाहायला लागली. त्या भुकटीत नखाने उकरलं की मधेमधे बारीक, चमकणारे पांढरे तंतू. मिस्त्रीने बोटाला लावून जिभेवर ठेवलं आणि ‘खारट आहे’ म्हणाला. जुने गवंडी असं चाटून बघतात. तुम्ही बघू नका, कारण गोठा किंवा जुना संडास जवळ असेल तर त्या क्षारात काय काय असतं ते सांगायला नको. पण ‘दरज शाबूत आणि वीट खलास’ हे दृश्य जिथे दिसेल तिथे समजा, की भिंतीपेक्षा कठीण माल कुणीतरी भरलाय.

इथेच सिमेंटचं का चुकतं ते सांगतो. जुन्या घरात वीट मऊ, भाजणी असमान, आणि दरजांत चुना किंवा माती. अशा भिंतीत ओल आली तर ती बाहेर पडते दरजांमधून, कारण चुना विटेपेक्षा जास्त श्वास घेतो. क्षार जमतात तेही दरजांत, आणि झिजते ती दरज. दरज झिजली तर पुन्हा भरता येते. तिथे सिमेंट भरलं की हा रस्ता बंद होतो. पाणी मग विटेतून बाहेर पडतं, क्षार विटेत साचतात आणि झिजते वीट. शिवाय भिंत उन्हाने फुगते-आकसते तेव्हा चुना थोडा सरकून देतो. सिमेंट देत नाही, ते विटेच्या कडेवर भार देतं आणि कडा उडवतं. सिमेंटमध्ये स्वतःचेही विरघळणारे क्षार असतात, ते भिंतीला फुकट मिळतात. आणि सबंध भिंतीवर सिमेंटचा गिलावा व वर वॉटरप्रूफ रंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. जमिनीतून येणारी ओल तीन फुटांवर बाहेर पडत होती, ती बंद केल्यावर पाच फुटांवर जाते. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, की खालच्या भागाला टाइल किंवा सिमेंटचा पट्टा लावला की दोन वर्षांत पट्ट्याच्या बरोबर वर पोपडे सुरू होतात.

हे सगळं जुन्या चुन्या-मातीच्या भिंतीबद्दल आहे, हे स्पष्ट सांगतो. तुमचं घर गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या आरसीसी चौकटीचं आणि सिमेंटमध्येच बांधलेल्या विटांचं असतं तर उत्तर बरंच वेगळं झालं असतं. तिथे सिमेंटची दुरुस्ती चालते. तिथल्या ओलीची कारणं बहुतेक वेळा बाथरूम, गच्ची आणि बाहेरच्या भिंतीवरचे पाइप ही असतात.

तेव्हा पहिलं काम दुरुस्तीचं नाही, पाणी कुठून येतं ते शोधण्याचं. हातात करणी घेण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा आणि तीही पावसात मारा. पंचवटी आणि जुन्या नाशकात मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे गल्लीची उंची. रस्त्यावर डांबराचा थर, मग काँक्रीट, मग पुन्हा थर, असं करत गल्ली वर आली आणि जोतं खाली गेलं. काळा दगड ओल फारशी वर चढू देत नाही. जुन्या लोकांनी जोतं त्याचं केलं त्याचं एक कारण तेच असावं. पण गल्ली जोत्याच्या वर आली की पाणी थेट विटेलाच लागतं आणि जोत्याचा उपयोग संपतो. तुमच्याकडे काळ्या दगडाचे किती थर गल्लीच्या वर दिसतात ते मोजा. एकही दिसत नसेल तर निदान जवळजवळ झालंच.

दुसरं कारण घरातलं आहे, त्याकडे कुणी बघत नाही. पूर्वी खाली सारवलेली जमीन किंवा सुट्या सांध्यांची शहाबादी फरशी होती. जमिनीतली ओल खोलीभर पसरून थोडी थोडी उडून जायची. आता तिथे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्यात. ओल फरशीतून वर येऊ शकत नाही, ती कडेला सरकते आणि भिंतीत शिरते. टाइल्स बसवल्यानंतर दोन-चार वर्षांत भिंतीची तक्रार सुरू झाली असेल तर हे तपासाच.

मग मोरी, फुटकं नळाचं पाइप, भरून वाहणारी टाकी, एसीचं भिंतीवर गळणारं पाणी, आणि पन्हळ. पन्हळीची तर गंमत आहे. लोक भिंतीच्या रसायनांवर हजारो रुपये घालवतात आणि कौलांच्या कडेची पागोळी जोत्यावर आपटून पावसाळाभर भिंत भिजवते, तिच्याकडे लक्ष देत नाहीत. ती दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आहे.

पुराचा प्रश्न वेगळा. तुमचं घर नदीच्या किती जवळ आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. गोदाकाठच्या घरांत १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ ला पाणी शिरलेलं आहे. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून शहर पुराचा अंदाज घेतं, तशी तुमच्या भिंतीवरही जुनी रेषा असेल. पुराच्या पाण्याने भिंतीत गाळ आणि क्षार दोन्ही जातात, आणि भिंत वाळायला फार वेळ लागतो. जुन्या जाड भिंतीसाठी आमच्यात इंचाला महिना असा ढोबळ हिशेब आहे. दोन्ही बाजू उघड्या असतील तर त्यापेक्षा लवकर, पण तेवढं धरून चाला. पुराच्या दुसऱ्याच महिन्यात रंग लावणारे नंतर तक्रार करतात ती त्यामुळे.

ओल खालून येते की बाहेरून की हवेतून, हे ओळखण्याच्या दोन-तीन साध्या युक्त्या आहेत. ओलीचा पट्टा जमिनीला समांतर, साधारण गुडघा ते छातीपर्यंत, आणि वर एक वेडीवाकडी पांढरट रेषा असेल तर पाणी जमिनीतून येतंय. डाग एकाच ठिकाणी, वरून खाली पसरणारा असेल तर छप्पर किंवा पाइप. शंका असेल तर भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टीने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमतेय. आणि करणीच्या मुठीने सगळा गिलावा ठोकून बघा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने खूण करा. हातात कागद न घेता अशा खुणांवरून भिंतीचा नकाशा तयार होतो, आणि खुणा कुठे एकवटल्यात त्यावरून पाण्याची दिशा बहुतेकदा कळते.

इथपर्यंतचं दोन ओळींत सांगायचं तर: पाणी थांबवा, मग भिंतीला वाळू द्या, आणि मगच हात लावा. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात.

आता दुरुस्ती. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर सुरुवात करा. सिमेंटचा गिलावा असेल तर ओलीच्या रेषेच्या किमान फूट-दीड फूट वरपर्यंत काढा. हे काम छिन्नीने, भिंतीला समांतर धरून करायचं. ब्रेकर मशीन लावलं तर मऊ विटांची तोंडंच निघून येतील. गिलावा काढल्यावर भिंत उघडी ठेवा, आणि जमलं तर पुढचा उन्हाळा संपेपर्यंत. मला माहीत आहे, घरात राहणाऱ्यांना हे नकोसं होतं. पाहुणे येतात, लग्नकार्य असतं. पण सगळ्या कामात भिंतीला सर्वात जास्त फायदा याच टप्प्याचा होतो. या दिवसांत भिंतीवर जो पांढरा भुकटा येईल तो आठवड्यातून एकदा कोरड्या, मऊ ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. तारेचा ब्रशही नको, आणि अ‍ॅसिडने तर अजिबात नको. विटेची भट्टीत भाजलेली वरची कातडी तिच्या आतल्या गाभ्यापेक्षा कठीण असते. ती खरवडून काढली तर उरलेली वीट पहिल्यापेक्षा जास्त पाणी पिते.

मग दरजा. सैल झालेला जुना चुना आणि मधलं सिमेंट बाहेर काढायचं. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल, म्हणजे सर्वसाधारण दरजेला वीस-पंचवीस मिलिमीटर तरी. नुसतं वरून पाच मिलिमीटर खरवडून भरलेला माल पहिल्या उन्हाळ्यात पट्टीसारखा निघून येतो. ठेकेदाराशी बोलताना इथे सावध राहा. चौरस फुटावर दर ठरवला की गवंडी दरजा खोल करत नाही, कारण त्याचा वेळ तिथेच जातो आणि पैसे तेवढेच मिळतात. मी नेहमी खरडणं आणि भरणं हे दोन वेगळे टप्पे ठरवतो, आणि मधे स्वतः खिळ्यावर खूण करून खोली तपासल्याशिवाय भरू देत नाही. ग्राइंडर वापरू द्यायचा नाही. चाक घसरलं की विटेच्या कडा कापल्या जातात, आणि त्या परत येत नाहीत.

मालासाठी चुना. कळीचा चुना विझवून, गाळून, जितका मुरवता येईल तितका चांगला. तो विझवताना उसळतो आणि डोळ्यात गेला तर कायमची इजा करतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच, मिस्त्री कितीही हसला तरी. बाजारात तयार जलकठीण चुना (पाण्यानेही कठीण होणारा) मिळतो तोही चालतो, आणि सुरखी, म्हणजे विटेची पूड, हवीच असं नाही. ओलसर भिंतीला मात्र चांगल्या भाजलेल्या विटेची सुरखी घातली तर माल लवकर धरतो. एक भाग चुन्याला वाळू आणि सुरखी मिळून अडीच ते तीन भाग, हे माझं नेहमीचं प्रमाण. तुमच्या वाळूवर थोडं इकडेतिकडे होईल. आज बहुतेक ठिकाणी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूच येते. तिच्यातली बारीक पूड जास्त असेल तर चाळून घ्या. गूळ-हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असे प्रकार जुन्या कामात असायचे. चांगल्या कारागिराच्या हातात ते काम करतात, पण घरच्या दुरुस्तीला त्यावाचून अडत नाही. ज्याचं प्रमाण त्याला सांगता येत नाही असा माणूस गूळ मागायला लागला तर मी सावध होतो.

भरण्याआधी दरज साफ करून पाणी शिंपडायचं, ओलसर हवी, चमकणारी ओली नको. माल थरांनी, दाबून भरायचा आणि विटेच्या तोंडापासून किंचित आत ठेवायचा. विटेवर माल पसरला तर कडेला पातळ पापुद्रा तयार होतो आणि पाणी तिथेच थांबतं. भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो, आणि त्यासाठी त्याला सावकाश सुकावं लागतं. मे महिन्याच्या उन्हात, पश्चिमेकडच्या भिंतीवर, दुपारी हे काम करू नका. पाणी मारायला बोअरचं खारं पाणी वापरू नका. नळाचं वापरा, नाहीतर लोण्याला स्वतःच खाद्य द्याल.

गळलेल्या विटा बदलायच्या असतील तर एकेक काढा. अख्खा पट्टा एकदम काढू नका. नवी वीट शक्यतो तशीच मऊ, जुन्या मोडलेल्या वाड्याची. पण जुनी वीट आणताना ती खारी नाही ना हे बघा. यासाठी एक सोपी चाचणी आहे, प्रमाण चाचणीतही हीच पद्धत वापरतात. थाळीत इंचभर डिस्टिल्ड पाणी घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं, आणि वीट त्यात उभी ठेवा. पाणी पिऊन आणि उडून संपलं की पुन्हा तेवढंच पाणी घालून वाळू द्या. वर पांढरं किती आलं ते बघा. दहावा भाग व्यापला तर ठीक, अर्धी वीट पांढरी झाली तर ती दुसऱ्या कुणाला द्या. नवी वीट विकत घेणार असाल तर ती कोरडी वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. नेहमीच्या विटांसाठी पाणी शोषण्याची मर्यादा कोरड्या वजनाच्या २० टक्के आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या विटा नव्या बांधकामाला चांगल्या असतात, पण जुन्या भिंतीत बसवल्या तर आजूबाजूच्या विटा आधी झिजतात.

वरून गिलावा हवाच असेल तर तो चुन्याचा, आणि रंग चुन्याचा किंवा श्वास घेणारा. हा गिलावा सात-आठ वर्षांनी झिजेल, पुन्हा करावा लागेल, आणि ते त्याचं काम आहे: क्षार त्याने ओढून घ्यायचे आणि विटेला वाचवायचं. नवीन क्षार येतच असतील तर हा हिशेब मान्य करा. विटा बदलण्यापेक्षा अधूनमधून गिलावा बदलणं स्वस्त आहे.

कुणी तुम्हाला भिंतीत भोकं पाडून रसायन इंजेक्शन द्यायचं सुचवलं असेल, तर ते खोटं नाही, पण भिंतीवर अवलंबून आहे. सलग विटांची, नीट थरांची भिंत असेल तर कधीकधी चांगला परिणाम दिसतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आतून दगडगोटे आणि माती भरलेल्या असतात. तिथे रसायन नुसतं पोकळीत जाऊन बसतं आणि अडथळा सलग होत नाही. आधी एक वीट काढून आत काय आहे ते बघा. सिलिकॉनचे पाणी झटकणारे लेपही अशा क्षार असलेल्या भिंतीला मी लावत नाही. बाहेरून पाणी थांबतं, पण मागून येणारे क्षार कातडीच्या मागे अडकतात.

तडे असतील तर वेगळा विचार करा. काळ्या मातीवरच्या घरांत उन्हाळ्यात तडा रुंद आणि पावसाळ्यात बारीक होतो, माती आकसते-फुगते म्हणून. तड्याच्या दोन्ही बाजूंवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि वर्षभर बघा. तडा एकदा पडून थांबला असेल तर भरता येतो. वाढत असेल तर गवंड्याचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. भिंत ओळंब्यातून बाहेर गेली असेल, मधे फुगली असेल, किंवा तिच्यात लाकडी खांब-तुळया गाडलेल्या असून त्या कुजलेल्या असतील, तर गिलावा काढण्याआधी आधार लावा. कधीकधी भिंतीला फक्त गिलाव्याने धरून ठेवलेलं असतं. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. ती हाती आली असेल तर दुरुस्तीची चर्चा इंजिनिअरच्या अहवालानंतरच. आणि दगडांच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर तो नुसता उपटू नका. मूळ आत राहतं, पुन्हा फुटतं, आणि उपटताना दोन-तीन दगड हलतात. वरून छाटत जाऊन मूळ मारायचं आणि मगच फट भरायची.

भावाबद्दल. त्याने पहिल्यांदा धुराड्याचं टोपण, खिडक्यांचे उंबरे आणि पावसाच्या पाण्याची पन्हळ बघावी, कारण गोठणाऱ्या पाण्याला भिंतीत येऊ न देणं हा तिथला अर्धा उपाय आहे. हिवाळ्यात रस्त्यावर आणि पायऱ्यांवर टाकलेलं मीठ जमिनीलगतच्या विटांना लागतं, म्हणजे खालच्या दोन फुटांत त्याला आपला लोणा आणि त्यांचं गोठणं दोन्ही भेटू शकतात. बर्फाचा ढीग भिंतीला टेकवून ठेवू नये. नव्या घरांत विटेचा बाहेरचा एकच थर असतो आणि खालच्या दरजांत पाणी बाहेर पडायला छोट्या फटी मुद्दाम सोडलेल्या असतात, त्या ‘दरज राहिली’ म्हणून कुणी भरून टाकू नयेत. घर शंभर वर्षांचं असेल तर तिथेही मऊ चुन्याची दरज लागते, कठीण सिमेंट नको. पाणी रोखणारे चकचकीत लेप तिकडेही नुकसानच करतात. आणि काम वसंताच्या शेवटापासून पानगळीच्या सुरुवातीपर्यंत करावं. माल धरताना रात्रीचा पारा ५ अंशांच्या खाली जायला नको. आपल्याकडे निफाड-सिन्नरकडे डिसेंबरात काम करताना मीही संध्याकाळी उशिरा भरलेल्या दरजेवर गोणपाटावर प्लॅस्टिक टाकतो, कारण गारव्यात माल सावकाश धरतो.

पुढे नेमकं सांगायला मला चार गोष्टी हव्यात: समोरच्या गल्लीतून जोत्याचा फोटो, ओलीच्या रेषेची जमिनीपासून उंची, तळमजल्याच्या फरशीखाली काय आहे, आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे. शेवटचं जास्त महत्त्वाचं आहे. मागे शेजाऱ्यांची मोरी किंवा जुना गोठा निघाला तर भिंतीचं काम त्या शेजाऱ्याशी बोलल्यावरच सुरू करता येईल.